स्पेनमध्ये उपयोगी ठरलेलं इंजेक्शन माझ्या वडिलांना का दिलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे. पहाटे छातीत दुखायला लागलं, घरच्यांनी पित्त समजून दोन तास घालवले, चौथ्या तासाला ते कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, पोचले. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी मोठी धमनी, पूर्ण बंद होती. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, जीव वाचला. पण घरी सोडताना इकोमध्ये पंपिंग, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतल्यापैकी किती रक्त बाहेर ढकलतो ते, ४० टक्के आलं. आता मुलाच्या वाचनात आलंय की स्पेनमधल्या एका चाचणीत अँजिओप्लास्टीच्या आधी मेटोप्रोलॉलचं इंजेक्शन दिल्यावर हृदयाचं नुकसान २० टक्क्यांनी कमी झालं. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. मग ते वडिलांना का दिलं नाही, डॉक्टरांची चूक झाली का, आणि एवढं सिद्ध झालं असेल तर सगळीकडे का देत नाहीत? शिवाय शेवटी विचारलंय, आता एमआरआय करून घ्यावा का?

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, रोजचं काम कॅथलॅबमधलंच. वडिलांची फाइल मी पाहिलेली नाही, तेव्हा 'चूक झाली की नाही' यावर मी निकाल देणार नाही. पण तुम्ही डिस्चार्ज कार्डावरचे दोन आकडे लिहिलेत ते फार कामाचे आहेत: दाखल होताना बीपी १०४/७० आणि नाडी १०८. एवढे दोन आकडे समोर असते तर ते इंजेक्शन मीही दिलं नसतं. गंमत म्हणजे तुम्ही वाचलेल्या त्या स्पॅनिश चाचणीनेसुद्धा तुमच्या वडिलांना आत घेतलं नसतं. वरचं बीपी १२० च्या खाली असलेल्या रुग्णांना त्यात वगळलं होतं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. एखादं औषध हृदयाचं नुकसान कमी करतं हे तपासतात कसं, आणि 'नुकसान २० टक्क्यांनी कमी' या वाक्यावर किती विसंबायचं? ते नीट कळलं की वडिलांच्या बाबतीतलं उत्तर आपोआप पटेल.

धमनी बंद झाली की तिच्या हद्दीतला स्नायू एकदम मरत नाही. आतल्या अस्तराकडचा थर आधी जातो, मग मरण बाहेरच्या बाजूला सरकत जातं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं आणि आमचं सगळं शास्त्र तिथून 'वेळ म्हणजे स्नायू' या हिशेबावर आलं. त्यात आणखी एक पेच आहे. धमनी उघडून रक्त पुन्हा सुरू झालं की त्या रक्ताच्या लोंढ्यानेही काही पेशी मरतात. धमनी उघडल्याशिवाय गत्यंतर नाही आणि उघडण्याचीही थोडी किंमत मोजावी लागते. नुकसान कमी करणाऱ्या औषधाला जागा मिळते ती एवढ्याच पट्ट्यात: जो स्नायू धोक्यात आहे पण अजून मेलेला नाही, आणि जो धमनी उघडताना मरू शकतो. रुग्ण फार लवकर आला तर वाचवायला फारसं काही उरत नाही कारण सगळं वाचलेलंच असतं. फार उशिरा आला तर सगळं गेलेलं असतं. ज्याच्यावर औषधाचा परिणाम दिसावा असा रुग्ण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सापडतो.

मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि जोर कमी करणाऱ्या औषधांपैकी एक. बीटा ब्लॉकर देऊन हृदयाचं काम कमी करावं, म्हणजे स्नायू कमी मरेल, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ ब्राउनवाल्ड यांच्या गटाने १९७१ मध्ये प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर वापरून कुत्र्यांत हे दाखवलं होतं. पुढे १९८६ साली आयसिस-१ ही सोळा हजार रुग्णांची चाचणी आली. त्यात ॲटेनोलॉल हे दुसरं बीटा ब्लॉकर शिरेतून दिलेल्यांत पहिल्या आठवड्यातले मृत्यू ४.६ टक्क्यांवरून ३.९ टक्क्यांवर आले. पण तेव्हा अँजिओप्लास्टी नव्हती, गाठ विरघळवणारं औषधही नेहमीच्या वापरात आलेलं नव्हतं. बंद धमनी बंदच राहायची. आज ती तासाभरात उघडते, म्हणून तो जुना निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. आजकाल अशी औषधं माणसापर्यंत येण्याआधी बहुधा डुकरावर तपासली जातात. कारण साधं आहे. कुत्र्याच्या हृदयात धमन्यांना आडवाटा भरपूर, एक बंद झाली तर दुसरीकडून रक्त झिरपतं. डुकराच्या हृदयात त्या जवळपास नसतात, त्यामुळे नुकसान ठरल्या हद्दीत आणि ठरल्या प्रमाणात होतं. एलएडीत फुगा फुगवून ती पाऊण ते दीड तास बंद ठेवायची, मधे औषध द्यायचं, फुगा सोडायचा. शेवटी हृदय बाहेर काढून आडव्या चकत्या कापतात. त्याआधी निळा रंग सोडलेला असतो, तो बंद धमनीच्या हद्दीत पोचत नाही. म्हणजे निळं नाही तेवढं सगळं 'धोक्यात होतं'. मग चकत्या टीटीसी नावाच्या द्रावणात बुडवतात. जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला फिकट, पांढुरका राहतो. धोक्यातल्या भागापैकी किती पांढुरका, एवढाच हिशेब. पाहताना अगदी निर्विवाद वाटतं.

आणि इथेच फसगत होते. ते डुक्कर तरुण असतं, त्याला मधुमेह नसतो, त्याने तीस वर्षं तंबाखू मळलेली नसते, त्याची धमनी कधी बंद झाली हे मिनिटापर्यंत माहीत असतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत 'दुखायला लागलं' ती वेळसुद्धा अंदाजाची. शिवाय खऱ्या रुग्णाच्या पोटात ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, स्टॅटिन अशी अटॅकमधली नेहमीची औषधं आधीच गेलेली असतात. सायक्लोस्पोरिन या औषधाची कथा या धंद्यातले सगळे जाणतात. २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांवर छोटी चाचणी झाली. अँजिओप्लास्टीच्या क्षणी हे औषध दिल्यावर रक्तातल्या एन्झाइमवरून मोजलेलं नुकसान चांगलंच कमी दिसलं. सगळे हरखले. मग ९७० रुग्णांची मोठी चाचणी झाली, सर्कस नावाची, निकाल २०१५ मध्ये आला. वर्षभरात मृत्यू, हार्ट फेल्युअर बळावणं किंवा हृदय फुगत जाणं यांतलं काहीतरी झालेल्यांचं प्रमाण औषध दिलेल्यांत ५९ टक्के, न दिलेल्यांत ५८ टक्के. फरक काहीच नाही. म्हणून 'छोट्या चाचणीत नुकसान कमी झालं' असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो: मोजलं कशाने?

जिवंत माणसाचं हृदय कापून बघता येत नाही. मग दोन वाटा. पहिली रक्ताची: मरणाऱ्या पेशींतून सीके हे एन्झाइम आणि ट्रोपोनिन हे प्रथिन बाहेर पडतं, ते ठरावीक अंतराने मोजून आलेख काढायचा. स्वस्त, पण फसवी, कारण धमनी उघडली की साचलेलं एन्झाइम एकदम वाहून येतं आणि शिखर उंच दिसतं. कमी नुकसान झालेल्याचाही आकडा मोठा येऊ शकतो.

दुसरी वाट एमआरआयची, आणि नुकसान मोजणाऱ्या आजच्या बहुतेक चाचण्या तिच्यावरच विसंबतात. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं द्रव्य देतात, दहा-पंधरा मिनिटं थांबतात. जिवंत स्नायूतून ते धुऊन निघतं, मेलेल्या भागात अडकून राहतं. पडद्यावर चांगला स्नायू काळा आणि मेलेला पांढराशुभ्र. हृदयाच्या टोकापासून वरपर्यंत दहा-बारा चकत्या. प्रत्येक चकतीत आतली रेघ, बाहेरची रेघ आणि पांढऱ्या भागाची रेघ माणूसच बसून आखतो किंवा संगणकाने आखलेली दुरुस्त करतो. क्षेत्रफळ गुणिले जाडी म्हणजे घनफळ, त्याला स्नायूच्या घनतेने गुणलं की ग्रॅम. रुग्णाला दर चित्राला श्वास रोखून धरावा लागतो, आणि पाच दिवसांपूर्वी अटॅक आलेला माणूस ते नेहमी जमवू शकतोच असं नाही. रेघ आखणाऱ्याला कोणत्या रुग्णाला औषध मिळालं हे माहीत नसणं अत्यावश्यक, कारण पांढऱ्याची कड कुठे संपली हे ठरवताना हात नकळत झुकतो.

एमआरआयलाही वेळेचं बंधन आहे. पहिल्या आठवड्यात पांढरा भाग मोठा दिसतो, कारण त्यात सूज असते. महिन्याभराने तो आकसतो. दोन चाचण्यांत एमआरआय वेगवेगळ्या दिवशी केला असेल तर ग्रॅमला ग्रॅम लावून बघू नये. धोक्यातला भाग मोजायला सुजेचा आधार घेतात, तर तीही स्थिर नसते. तुम्ही वाचलेल्या चाचणीमागच्याच, माद्रिदच्या सीएनआयसी या संस्थेतल्या डुकरांवरच्या कामात २०१५ साली दिसलं की सूज दोन लाटांत येते: पहिल्या काही तासांत एक, मग ती ओसरते, आणि आठवड्याच्या सुमारास दुसरी. हे कळल्यावर जुन्या किती निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं असेल याची कल्पना करा.

आता तुम्ही वाचलेली चाचणी. तिचं नाव मेटोकार्ड-सीएनआयसी, प्रसिद्ध झाली २०१३ मध्ये, बोर्हा इबान्येझ आणि व्हॅलेन्टीन फुस्टर यांच्या गटाची. २७० रुग्ण, सगळे पुढच्या भिंतीच्या अटॅकचे, दुखायला लागून सहा तासांच्या आतले, फुप्फुसात पाणी तुंबलेलं नाही असे. निम्म्यांना धमनी उघडण्याच्या आधी मेटोप्रोलॉल शिरेतून, पाच-पाच मिलिग्रॅमच्या तीन मात्रांपर्यंत. काहींना तर ॲम्ब्युलन्समध्येच. पाच ते सात दिवसांनी एमआरआय. मेलेला स्नायू औषध दिलेल्यांत सरासरी २५.६ ग्रॅम, न दिलेल्यांत ३२.०. तुमचे २० टक्के ते हेच, साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर. सहा महिन्यांनी पंपिंग ४८.७ विरुद्ध ४५.०.

हे काम मला आवडतं. रुग्णांची निवड विचारपूर्वक केलेली आहे: मोठा अटॅक, लवकर आलेला, म्हणजे औषधाला वाव आहे असाच. पण त्यात प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी द्यायचं औषध नसलेलं इंजेक्शन, नव्हता, कोणाला इंजेक्शन मिळालं हे उपचार करणाऱ्यांना माहीत होतं. फक्त एमआरआय वाचणाऱ्यांपासून लपवलेलं होतं. एमआरआयही सगळ्यांचा झाला नाही, २७० पैकी २२० जणांचा झाला. आणि सरासरीभोवतीचा विस्तार प्रचंड होता. एखाद्याचं नुकसान १० ग्रॅम, एखाद्याचं ५०. अशा पसाऱ्यात सहा ग्रॅमचा फरक खरा असू शकतो, पण दुसऱ्या कोणीतरी तो पुन्हा दाखवायला हवा.

तो पुन्हा दिसला नाही. २०१६ मध्ये अर्ली-बामी ही चाचणी आली, मुख्यतः नेदरलँड्समधली. ६८३ रुग्ण, प्लासिबोसह, नीट आखलेली. महिन्याने केलेल्या एमआरआयमध्ये मेलेला भाग डाव्या कप्प्याच्या १५.३ टक्के औषध दिलेल्यांत, १४.९ टक्के प्लासिबोवाल्यांत. म्हणजे जवळपास सारखाच. मग कोण खरं? मला वाटतं दोन्ही. नेदरलँड्सवाल्यांनी कुठल्याही भिंतीचा अटॅक घेतला, बारा तासांपर्यंत आलेले घेतले आणि मात्रा दोनदा पाच-पाच, म्हणजे एकूण १० मिलिग्रॅमची ठेवली. त्यातली दुसरी मात्रा तर धमनी उघडण्याच्या तोंडावर. स्पॅनिश गटाने आपल्याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा इंजेक्शन आणि धमनी उघडणं यांत जितकं अंतर जास्त, तितका फायदा जास्त असं निघालं. औषध रक्तात फिरायला वेळ मिळायला हवा, हे तर्काला धरून आहे. २०१७ मध्ये त्याच गटाने आणखी एक खुलासा दिला. मेटोप्रोलॉल न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना शांत करतं, त्या सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या करून बसत नाहीत. म्हणजे फायदा नुसता ठोके कमी झाल्यामुळे होत नाही. उंदरांत ॲटेनोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉलने तोच परिणाम दिला नाही. तेव्हा 'बीटा ब्लॉकर कुठलाही चालेल' हेही म्हणता येत नाही.

'स्वस्त औषध, देऊन टाकायला काय जातं' या तुमच्या वाक्यावर मात्र मी अडतो. जातं. २००५ साली चीनमधली कमिट चाचणी प्रसिद्ध झाली, पंचेचाळीस हजारांवर रुग्ण, १,२५० इस्पितळं. हेच मेटोप्रोलॉल, आधी शिरेतून आणि मग गोळ्या. दर हजार रुग्णांमागे पुन्हा अटॅक येणारे पाच कमी, घातक फायब्रिलेशनचे, म्हणजे हृदय नुसतं थरथरत राहण्याचे, पाच कमी, पण कार्डिओजेनिक शॉकमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने बीपी कोसळून, जाणारे अकरा जास्त. एकूण मृत्यूंत फरक शून्य. शॉकमध्ये कोण गेले? मुख्यतः ज्यांचं बीपी आधीच कमी, नाडी जलद, वय सत्तरच्या पुढे किंवा फुप्फुसात पाणी. चाचणीतल्या सुमारे निम्म्या लोकांना गाठ विरघळवणारं औषध दिलं होतं, अँजिओप्लास्टी फारशी नव्हती. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अजून बऱ्याच जणांना आधी ते गाठ विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग शहरात पाठवतात, म्हणून मला माद्रिदच्या ॲम्ब्युलन्सपेक्षा कमिटचे रुग्ण जवळचे वाटतात.

आता वडिलांची नाडी १०८. घरच्यांना आणि नवख्या डॉक्टरलाही वाटतं, ठोके एवढे जलद आहेत, जरा कमी करू. पण ते जलद का आहेत? समजायला ढोबळ आकडे घ्या. निरोगी हृदय एका ठोक्याला ७० मिलिलीटर रक्त ढकलतं, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. अटॅकमध्ये पुढची भिंत लुळी पडली, ठोक्याला ४५ मिलिलीटरच निघतंय. शरीर ठोके १०८ करतं आणि हिशेब ४.९ लिटरवर कसाबसा जुळवतं. इथे इंजेक्शन देऊन तुम्ही ठोके ७५ वर आणलेत की मिनिटाचं रक्त ३.४ लिटर. बीपी १०४ वरून ८० वर यायला एवढं पुरतं, आणि मग स्टेंटमधूनसुद्धा रक्त नीट वाहत नाही. वेदनेने किंवा घाबरून जलद झालेली नाडी वेगळी. तिथे बीपी बहुधा १४०-१५० असतं, हात गरम असतात. नाडी जलद आणि बीपी कमी ही जोडी दिसली की मी आधी छाती तपासतो, हाताची बोटं चाचपून बघतो, घाईत कॅथलॅबच्या दारातच हातातला इको प्रोब टेकवतो. मेटोप्रोलॉलचा विचारही मनात येत नाही.

मग मी ते देतो की नाही? देतो, पण निवडून. पुढच्या भिंतीचा अटॅक, पहिल्या काही तासांतला, बीपी १२० च्या वर, नाडी साठच्या वर, छातीत घरघर नाही, ईसीजीत हार्ट ब्लॉक नाही, दम्याचा इतिहास नाही, आणि कॅथलॅब सज्ज व्हायला अजून थोडा अवधी आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही साधारण हेच सांगतात आणि तेही 'विचार करावा' या पातळीवर, 'द्यावंच' असं नाही. तेवढ्याने एखाद्या डॉक्टरने दिलं नाही म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या मनात असणार: सहा ग्रॅमने माणसाला काय फरक पडतो? दहा चाचण्यांतले २,६०० च्या वर रुग्ण एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब झाला, त्यात मेलेला भाग डाव्या कप्प्याच्या दर पाच टक्क्यांनी वाढला की वर्षभरातल्या मृत्यूचा धोका साधारण १९ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचा २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. तेव्हा ग्रॅम महत्त्वाचे आहेत. मात्र 'ज्याचं नुकसान कमी तो जास्त जगतो' यावरून 'औषधाने नुकसान कमी केलं की तो जास्त जगेल' हे आपोआप निघत नाही. त्यासाठी हजारो रुग्ण घेऊन मृत्यूच मोजावे लागतात. या इंजेक्शनचं ते काम अँजिओप्लास्टीच्या काळात पुरं झालेलं मला दिसत नाही.

आणि कटू वाटेल, पण वडिलांच्या स्नायूचा हिशेब करायचाच असेल तर पित्त समजून गेलेल्या त्या दोन तासांत जे गेलं ते कुठल्याही इंजेक्शनने परत मिळवता आलं नसतं. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. पहाटेच्या दुखण्याला पित्त म्हणणं घरोघरी होतं, डॉक्टरांच्या घरीही होतं. पण घरात दुसरं कोणी मधुमेही किंवा तंबाखू खाणारं असेल तर पुढच्या वेळी तासाच्या आत ईसीजी काढा.

आता एमआरआय. सध्या तरी नको. अटॅकनंतर पहिल्या काही दिवसांच्या इकोत मेलेला स्नायू आणि नुसता बधिर झालेला स्नायू सारखेच लुळे दिसतात. बधिर भाग काही आठवड्यांत पुन्हा हलायला लागतो, त्यामुळे आजचे ४० टक्के हा शेवटचा आकडा नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा इको करा. आयसीडी, म्हणजे छातीत बसवायचं शॉक देणारं यंत्र, लागेल का याचा विचारसुद्धा अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबून आणि पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं तरच करतात. इकोत चित्र नीट दिसत नसेल, किंवा हृदयाच्या टोकाशी रक्ताची गाठ असल्याची शंका आली, तर एमआरआयला अर्थ आहे.

आणि ते रोज घेत असलेली मेटोप्रोलॉलची गोळी हा वेगळा विषय. २०२५ मध्ये रीबूट या चाचणीची बातमी आली, पंपिंग ४० च्या वर असलेल्यांना अटॅकनंतर बीटा ब्लॉकरच्या गोळीचा फायदा दिसला नाही अशी. ती वाचून गोळी बंद करू नका. वडील नेमके त्या रेघेवर आहेत, आणि ४० किंवा त्याखालच्यांना त्या चाचणीत घेतलेलंच नव्हतं. पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडून करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. दोन वेगळ्या हातांनी काढलेल्या इकोत पाच टक्क्यांचा फरक नुसता मोजणाऱ्यामुळेही पडतो.